भाडे सरकार भरते का?

मे महिना सरत आला की रत्नागिरीत खोल्यांची शोधाशोध सुरू होते. आंब्याच्या पेट्या संपतात, चाकरमानी परततात आणि मग साळवी स्टॉपपासून कारवांची वाडीपर्यंत "खोली रिकामी आहे का?" हा प्रश्न घरोघर फिरू लागतो. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रवेश मिळालेला मुलगा, बदली होऊन आलेली शिक्षिका, मिरकरवाड्याच्या बंदरात काम मिळालेला तांडेल, नवऱ्याच्या माघारी दोन मुलांना शहरातल्या शाळेत घालू पाहणारी आपा, सगळे एकाच वेळी रस्त्यावर उतरतात. राजीवडा, कोकणनगर, उद्यमनगर, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे अशी ठरलेली फेरी होते. भाडे परवडले तर घर पसंत पडत नाही, घर पसंत पडले तर अनामत परवडत नाही.

या दिवसांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सरकार आता घरभाडे देते म्हणे. फॉर्म कुठे मिळतो?" मोबाईलवर फिरणारा एखादा संदेश दाखवला जातो. कुठे कुठे फॉर्म भरून देण्याचे दोनशे-पाचशे रुपयेही घेतले जातात. म्हणून यावेळच्या सदरात हा विषय मुळापासून मांडायचे आम्ही ठरवले आहे. सरकारी मदत कुठे आहे, कुठे नाही, आणि जिथे ती नाही तिथे आपण काय करू शकतो, हे एकदा नीट समजून घेऊ या.

सर्वसाधारण कुटुंबाचे घरभाडे दरमहा भरून देणारी योजना आपल्याकडे नाही, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून अशी पद्धत आहे. तिथे गरीब कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे द्यायचे आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे सरकारी यंत्रणा थेट घरमालकाला देते. आपल्या देशात २०१५ मध्ये नागरी भाडे गृहनिर्माण धोरणाचा मसुदा तयार झाला. गरिबांना भाड्याची कुपने द्यावीत, अशी चर्चाही पुढे झाली. पण देशभर लागू झालेली अशी योजना काही उभी राहिली नाही. म्हणून "घरभाडे अनुदानाचा फॉर्म" म्हणून कुणी पैसे मागितले तर हात आखडता घ्यावा. कोणत्याही खऱ्या योजनेची माहिती नगरपरिषदेत किंवा त्या त्या खात्याच्या कार्यालयात मोफत मिळते.

गंमत अशी की भाड्यावर सवलत मिळते ती बरा पगार असणाऱ्यांना. पगारात घरभाडे भत्ता असलेला नोकरदार जुन्या करपद्धतीत भाड्याच्या पावत्या दाखवून आयकर वाचवू शकतो. ज्याचे उत्पन्न कराच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही, त्या रिक्षावाल्याला किंवा मासळी विकणाऱ्या बाईला यातले काहीच लागू होत नाही.

जे खरोखर आहे

तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. भाड्याला खरी सरकारी मदत मिळते ती विद्यार्थ्यांना, आणि ही गोष्ट आपल्या समाजात फार थोड्यांना माहीत आहे.

इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बारावीनंतर घरापासून दूर शिकणाऱ्या, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जेवण, निवास आणि निर्वाहाचे पैसे थेट जमा होतात. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यातले २० हजार निवासाचे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, त्यातले १२ हजार निवासाचे. तालुक्याच्या गावी ३८ हजार. म्हणजे रत्नागिरीत दोन-तीन मुलांनी मिळून खोली घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याचे महिन्याला हजार रुपये सरकारकडून येतात.

"हे आपल्याला कुठे लागू?" असे म्हणून पान उलटू नका. मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. अडचण येते ती जातीच्या दाखल्याची. शाळेच्या दाखल्यावर नुसते "मुस्लिम" किंवा "मुसलमान" लिहिलेले असते, आजोबांच्या कागदांवर बिरादरीची नोंद शोधावी लागते, आणि प्रवेश मिळाल्यावर धावाधाव सुरू होते. मूल दहावीत असतानाच हे काम हाती घ्यावे. योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयांची आहे. गुणांची अट आहे, जागांची संख्या ठरलेली आहे आणि मूल त्याच शहरातले रहिवासी असून चालत नाही. चौकशी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना याच धर्तीवर चालते. शेजारच्या घरातले मूल त्यात बसत असेल तर त्यालाही सांगावे.

दुसरी सोय नोकरी करणाऱ्या महिलांसाठी आहे. केंद्राच्या मिशन शक्तीखाली चालणाऱ्या सखी निवास वसतिगृहांत भाडे पगाराच्या प्रमाणात असते. एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, दोघींच्या खोलीला १० टक्के, आणि अनेकींच्या दालनात साडेसात टक्के. मुलगी मुंबई-पुण्याला नोकरीसाठी निघाली असेल, तर खासगी पेइंग गेस्टचे भाडे भरण्याआधी तिथे असे वसतिगृह आहे का, ते महिला व बालविकास कार्यालयात विचारावे.

तिसरी गोष्ट प्रधानमंत्री आवास योजनेची. तिच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यात चार घटक आहेत आणि त्यांपैकी एक भाड्याच्या घरांचा आहे. सरकारी पैशातून बांधलेली पण रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यायची किंवा खासगी-सरकारी संस्थांनी नवी घरे भाड्यासाठीच बांधायची, असे त्याचे दोन मार्ग आहेत. याची सुरुवात २०२० च्या जुलैत झाली. टाळेबंदीत लाखो मजूर भाडे भरता न आल्याने गावाकडे चालत निघाले होते, त्यानंतर केंद्राने ही भाडेगृहांची योजना आणली. चंदीगड आणि सुरतमध्ये रिकामी सरकारी घरे अशी भाड्याने दिली गेली. या घटकात मदत मिळते ती घरे उभारणाऱ्याला. भाडेकरूच्या हातात पैसे पडत नाहीत. पण अशी घरे आपल्या शहरात हवीत, अशी मागणी नगरपरिषदेकडे नक्की करता येते. बंदर, औद्योगिक वसाहत, वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या रत्नागिरीला त्यांची गरज आहे. नगरसेवक मते मागायला दारात येतात तेव्हा रस्ता-गटाराबरोबर हाही विषय काढावा.

याच योजनेत एक वाट भाडेकरूंसाठीही आहे. ज्या कुटुंबाचे शहराच्या हद्दीत स्वतःच्या नावावर जागेचा तुकडा आहे, पण देशात कुठेही पक्के घर नाही, त्यांना घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये अनुदान मिळू शकते. यासाठी वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावे लागते आणि मागच्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा. हे अनुदान आहे, कर्ज नव्हे. त्यामुळे व्याजाच्या प्रश्नामुळे बँकेची पायरी न चढणाऱ्या घरांनाही त्याचा विचार करता येतो.

कुलूपबंद घरे आणि कुळाची भीती

आता नाण्याची दुसरी बाजू. ती आपल्याच समाजाच्या दारात आहे.

रत्नागिरीत संध्याकाळी फिरताना इमारतींकडे वर पाहावे. कितीतरी खिडक्यांत दिवा नसतो. दुबई, कुवेत, मस्कत, दक्षिण आफ्रिका, मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी कष्टाच्या पैशातून घेतलेले हे फ्लॅट. वर्षातून महिनाभर उघडतात. बाकी अकरा महिने भिंतीला ओल धरते आणि सोसायटीचा खर्च चालू राहतो. ही फक्त रत्नागिरीची कथा नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत एक कोटी दहा लाखांहून जास्त घरे रिकामी आढळली होती. एकीकडे घरे रिकामी, दुसरीकडे माणसे बेघर, असा हा उफराटा हिशेब आहे.

घर भाड्याने का देत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "उद्या कूळ लागलं म्हणजे?" कोकणातल्या माणसाच्या मनात ही भीती खोल रुतलेली आहे आणि तिला इतिहास आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याआधीच्या, १९४८ च्या कूळकायद्याने पुढे १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. ज्यांच्या घरात खोती होती त्यांना जमीन गेल्याचे आठवते, जे कसत होते त्यांना ती मिळाल्याचे. पण तो कायदा शेतजमिनीचा होता. राहत्या घराला "कूळ" लागत नाही. घरांसाठी वेगळा कायदा होता, १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी आली आणि भाड्यासाठी घर बांधणे जवळजवळ थांबले. घरमालकाची भीती तिथून आली आहे.

आजचा कायदा वेगळा आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा "लिव्ह अँड लायसन्स" म्हणजे अनुमती-परवाना करार संपला आणि माणूस बाहेर पडला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मागता येते. नोंदणी केलेला करार हाच पुरावा. म्हणजे ज्याने करार नोंदवला त्याला भिण्याचे फारसे कारण नाही. भीती असायला हवी ती तोंडी व्यवहाराची.

आणि आपल्याकडे चालतात ते बहुतेक तोंडी व्यवहार. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" असे म्हटले जाते. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," हा दुसरा गैरसमज. इतर राज्यांत वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी टाळतात, पण आपल्या राज्याच्या कायद्याच्या कलम ५५ ने घराचा प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. म्हणजे कागद न करणारा मालक स्वतःचेच नुकसान करतो.

खर्च किती येतो? समजा भाडे महिना पाच हजार, अनामत तीस हजार, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क लागते एकूण भाडे आणि अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे दीडशे-दोनशे रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत एक हजार, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे. वर थोडे हाताळणी शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी. हे काम आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. मालक परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र भावाच्या किंवा बहिणीच्या नावे पाठवावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हेही मालकाचेच काम. ते टाळू नये. सोसायटीत फ्लॅट भाड्याने दिला म्हणून जादा घेतले जाणारे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, तोही लक्षात ठेवावा.

भाडेकरूंनाही सांगायचे आहे. भाडे शक्यतो खात्यातून द्या, रोख दिले तर पावती मागा. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. अनामत किती, परत कधी, रंगाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडायची मुभा मालकाला नाही, कलम २९ ते मनाई करते. आणि मुदत संपली की घर सोडा. एका भाडेकरूने घर अडवले की पुढच्या दहा जणांसाठी दारे बंद होतात.

एक शब्द "हेवी डिपॉझिट" विषयी. दोन-तीन लाख रुपये मालकाला द्यायचे, भाडे शून्य किंवा नाममात्र, आणि सोडताना पूर्ण रक्कम परत, हा प्रकार आता मुंबई-पुण्यातून आपल्याकडेही येत आहे. उसन्या रकमेच्या बदल्यात फुकट राहणे हा सुदाचाच प्रकार आहे, असे अनेक उलेमांचे मत आहे. याविषयी आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. व्यवहार म्हणून पाहिले तरी यात धोका आहेच. मालकाने ती रक्कम खर्च केली असेल तर परत मागताना भाडेकरूचे हाल होतात.

नाव ऐकून बंद होणारी दारे

एक दुखणे न बोलता पुढे जाता येणार नाही. फोनवर खोली रिकामी असते, नाव सांगितले की ती "कालच दिली" असते. हा अनुभव आपल्या घराघरात आहे. संविधानाचे कलम १५ धर्मावरून भेदभाव करायला मनाई करते, पण ते मुख्यतः सरकारला बांधते. खासगी घरमालकाला भाडेकरू निवडताना रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी सोसायटीला सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली, त्यानंतर हा प्रश्न आणखी अवघड झाला. कायदा बदलावा ही मागणी करत राहावी लागेल.

पण आपण स्वतः घरमालक असतो तेव्हा काय करतो? "एकट्या बाईला देणार नाही." "तलाक झालेली आहे, लोक काय म्हणतील?" "भैय्या आहे, नेपाळी खलाशी आहे, नको." "कॉलेजची मुले नकोत." "दुसऱ्या जातीचे नकोत." आपल्याला जे बोचते तेच आपण दुसऱ्याला करतो. भाडे वेळेवर देणारा आणि घर नीट ठेवणारा माणूस असला की बाकी चौकशी कशाला करायची? ज्या आपाला भावाच्या घरी ओझे वाटते आणि सासरी जागा नाही, तिला एक स्वयंपाकघर आणि एक खोली मिळाली तर ती शिवणकाम करून दोन मुले शिकवू शकते. तिच्यासाठी ती खोली म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे आयुष्य असते.

म्हणून आमची एक सूचना आहे. कोकणातल्या गावांनी पूर्वी मुंबईत गावाच्या, जमातीच्या खोल्या ठेवल्या होत्या. बोटीवर जायची वाट पाहणारा खलाशी, पहिल्यांदा नोकरीला आलेला पोरगा थोड्या पैशांत तिथे अंग टाकत असे. हीच रीत आता आपल्या शहरात हवी. प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने एक वही करावी. एका बाजूला रिकाम्या घरांची यादी आणि मालकांचे अटी-भाडे, दुसऱ्या बाजूला गरजूंची नावे. जमातीतल्या दोन जबाबदार माणसांनी दोघांची गाठ घालून द्यावी, करार नोंदवून घ्यावा. दलाली नाही. विधवा किंवा गरजू विद्यार्थी असेल तर भाड्याचा काही भाग, आलिमांच्या सल्ल्याने, जकातीतून किंवा सदक्यातून थेट मालकाच्या खात्यात भरता येईल. परदेशातल्या मालकांनी एका वर्षासाठी करून पाहावे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, रास्त भाडे. घराला ओल धरणार नाही, दोन पैसे येतील आणि एका घरात दिवा लागेल.

सरकार सर्वसाधारण कुटुंबाचे भाडे भरत नाही. विद्यार्थ्याचे काही प्रमाणात भरते, तर त्याचा अर्ज वेळेत करू या. बाकीच्या बाबतीत मागणी करत राहू या. आणि तोपर्यंत आपल्याजवळच्या किल्ल्या कुणाच्या उपयोगी पडतील, याचा या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी बसून विचार करावा.